ओळखीच्यांची गाडी

मला राग लवकर येतो आणि तितक्याच लवकर जातो, असं आमच्या घरी सगळे म्हणतात. एक राग मात्र गेलेला नाही. मार्च उजाडला, कॉलेजची पोरं स्प्रिंग ब्रेकला निघाली, की तो पुन्हा वर येतो आणि मी कुणाशी तरी भांडते. बहुतेक वेळा नवऱ्याशी, कारण तोच हाताशी असतो.

दोन हजार चार साली मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला एम.एस.च्या पहिल्या वर्षाला होते. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघी राहायचो. माझ्या खोलीतली मुलगी नागपूरची, मी नाशिकची. मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी असायची आणि त्या सुट्टीत अमेरिकन पोरं समुद्रावर जाऊन काय काय करतात याच्या कथा आमच्याकडे तिखटमीठ लावून सांगितल्या जायच्या. सुट्टीच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक बैठक ठेवली होती. फुकट पिझ्झा होता म्हणून आम्ही सगळे गेलो. उंच, सावकाश बोलणाऱ्या एक बाई आल्या होत्या. आपला ग्लास टेबलावर सोडून जाऊ नका. गाडीत सीटचा पट्टा लावा. लांबचा प्रवास असेल तर आलटूनपालटून गाडी चालवा. आणि प्यायलेल्या माणसाच्या गाडीत बसू नका. तो कुणीही असो, किल्ली मागा, रागावला तर रागावू दे. मागच्या रांगेत आमची मंडळी पिझ्झा खात हसत होती. "हे आपल्यासाठी नाही यार, गोऱ्यांसाठी आहे," एक जण म्हणाला, आणि कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

आमच्या वर्गातल्या काही जणांनी फ्लोरिडाला जायचं ठरवलं होतं. भाड्याची मोठी व्हॅन घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून चालवत न्यायची. आम्ही दोघीही जाणार होतो. मी आईला फोनवर सांगितलं.

"गाडी कोण चालवणार?" आईने विचारलं.

"सगळे. मलाही लायसन्स मिळालंय आता."

"मुलगेही आहेत?"

"आहेत ना."

"ओळखीचे आहेत का?"

"आई, माझ्या वर्गातले आहेत ते. रोज भेटतो आम्ही."

"म्हणजे ओळखीचे नाहीत," आई म्हणाली.

ओळखीचे म्हणजे काय, हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्यांच्या घरातल्या कुणाला तरी आपल्या घरातलं कुणी तरी ओळखतं, ते ओळखीचे. एकदा माणूस ओळखीचा ठरला की त्याच्याविषयी पुढे काही विचारायचं नसतं. दोनच दिवसांत आईने असं घर शोधून काढलं. बाबांच्या ऑफिसातल्या मित्राची बहीण आणि मेव्हणे डेट्रॉइटजवळ, ट्रॉयमध्ये राहत होते. मेव्हणे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, कितीतरी वर्षं तिथेच स्थायिक झालेले. "घरचीच माणसं आहेत," आई म्हणाली, "आठवडाभर जाऊन राहा, चार घास नीट पोटात जातील." माझ्या खोलीतल्या मुलीच्या आईशी नागपूरला परस्पर बोलणंही झालं. दोन आयांनी मिळून आमची फ्लोरिडाची सहल हाणून पाडली आणि आम्हाला मिशिगनच्या बसमध्ये बसवलं. फ्लोरिडाला गेलेली पोरं उन्हाने नाकं सोलवटून सुखरूप परत आली. तिथे एकाने जास्त घेतली तेव्हा बाकीच्यांनी त्याला चक्क मागच्या सीटवर टाकून आणलं, असं पुढे कळलं.

ट्रॉयचे काका-काकू चांगले होते. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट माणसांवर रागावणं फार सोपं असतं. काका आम्हाला घ्यायला थंडीत बस स्टेशनवर येऊन थांबले होते. आमच्या बॅगा त्यांनी आम्हाला उचलू दिल्या नाहीत. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक गाडीबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं असायचं: हिचं दार नीट बसत नाही, हिचे ब्रेक आमच्या ग्रुपने केले. काकू बारीक, चपळ आणि अबोल. आम्ही उठायच्या आधी त्यांचा चहा तयार असायचा. आमच्या कपड्यांना इस्त्रीसुद्धा केली त्यांनी. गॅरेजमध्ये त्यांची एक छोटी गाडी होती. ती घेऊन त्या लायब्ररीत जायच्या, इंडियन ग्रोसरीत जायच्या. "फ्रीवेवर नाही गं जात मी," एकदा ओशाळून म्हणाल्या. "हे म्हणतात, तुझ्याच्याने नाही व्हायचं." आठवडाभर आम्ही खात होतो आणि झोपत होतो. आई फोनवर खूश होती.

शनिवारी दुपारी काकांच्या मित्राकडे, नोव्हाय नावाच्या गावी, जेवण होतं. ट्रॉयहून फ्रीवेने जायचं, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. बरीच मराठी कुटुंबं जमली होती. अशा घरांतली एक पद्धत मला तिथे कळली: पुरुष खाली बेसमेंटमध्ये, बायका वर स्वयंपाकघरात. खाली बार बांधलेला होता आणि यजमानांचा त्याच्यावर फार जीव होता. आल्याआल्या सगळ्यांना नेऊन दाखवायचे. वर आम्ही पुऱ्या लाटत होतो. मधूनच एखादे काका जिन्याशी यायचे, "अहो, काहीतरी कुरकुरीत पाठवा," म्हणायचे, आणि गरम भजी खाली रवाना व्हायची. ओट्याशी यजमानांची मुलगी तोंड फुगवून कांदा चिरत होती. ती इथेच जन्मलेली, कॉलेजातून सुट्टीसाठी घरी आलेली. तिलाही मैत्रिणींबरोबर फ्लोरिडाला जायचं होतं आणि तिलाही आईबापांनी जाऊ दिलं नव्हतं.

"कसं पाठवणार गं?" तिची आई झाऱ्याने पुरी दाबत म्हणाली. "पोरं पितात आणि गाड्या चालवतात तिथे. रोज बातम्यांत दाखवतात."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. खालून हास्याचा स्फोट झाला आणि भज्यांची आणखी एक बशी गेली.

दिवस कलायला लागला तशी निघायची गडबड सुरू झाली. बाहेर ओलं, चिकट बर्फ पडत होतं. काका जिना चढून वर आले ते कठडा धरून. दाराशी बूट घालायला गेले तर पाय बुटाच्या बाजूला पडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बाजूला. मग ते भिंतीला टेकून आपल्याच फजितीवर हसत उभे राहिले, आणि काकूंनी खाली बसून त्यांचा एकेक पाय उचलून बुटात घातला, नाड्या बांधल्या. त्या दारात घरातली निम्मी माणसं उभी होती. सगळ्यांनी हे पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. एक काकू श्रीखंडाचा डबा बांधून देत होत्या, एक जण "सावकाश जा हं, स्लिपरी आहे," म्हणाला, आणि यजमान म्हणाले, "पोचलात की एक रिंग द्या."

माझं डोकं तिथे फिरलं. तरी मी नीट बोलले. "काका, मी ड्राइव्ह करते. किल्ली द्या ना."

"तू?" काका हसले. "बाळ, स्नोमध्ये चालवलीयस का कधी?"

"स्टेट कॉलेजलाही बर्फ पडतं काका. नाहीतर काकू चालवतील. आतल्या रस्त्यांनी हळूहळू जाऊ, उशीर झाला तर झाला."

यावर सगळेच हसले. काकूही कसनुशा हसल्या. "हिचं ड्रायव्हिंग म्हणजे ग्रोसरीचा पार्किंग लॉट," काका म्हणाले, आणि किल्ली बोटात फिरवत बर्फात उतरले.

मी यजमानांकडे वळले. "तुम्ही थांबवा ना त्यांना. त्यांना बूट घालता येत नाहीयेत."

"अगं, ही इज फाइन," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "कॅपॅसिटी आहे त्याची. इतकी वर्षं असाच जातो. गाडीला रस्ता पाठ आहे."

काकू पुढे, काकांच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. नागपूरवाली मागे बसली. काच खाली करून दबक्या आवाजात मला म्हणाली, "चल न बे. काहून तमाशा करून राहिली? लोक पाहून राहिले."

लोक पाहत होते हे खरं. मला काय दिसत होतं ते मी सांगते. जी मुलगी माझ्या शेजारच्या गादीवर झोपायची, जिच्या आईने तिला माझ्या आईच्या शब्दावर इकडे पाठवलं होतं, ती एका माणसाच्या मागे पट्टा लावून बसली होती, ज्याला स्वतःचा पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं. आणि थोड्या वेळात ते सगळे फ्रीवेवर ट्रकांच्या मधून जाणार होते. माझी खात्रीच होती की ती मरणार. काकूही मरणार. त्यांना थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पाहुणी, वयाने लहान, आणि बाई. गाडी ड्राइव्हवेमध्ये नाक घराकडे करून लावलेली होती. बाहेर काढायची तर मागे घ्यायला हवी. मी जाऊन गाडीच्या मागे उभी राहिले.

गाडी सुरू झाली. मागचे पांढरे दिवे लागले. काकांनी हॉर्न वाजवला, मी हलले नाही. दारातून कुणीतरी ओरडलं, "अगं ए, बाजूला हो!" मी डिकीवर दोन्ही हात ठेवले. आणि गाडी मागे आली. वेगात नाही, पण आली. बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला, पाय बर्फात सरकले आणि मी मागच्या मागे खाली बसले. मागचं दार धाडकन उघडलं. "काका, थांबवा! ती मागे आहे! थांबवा!" नागपूरवाली किंचाळत बाहेर पडली आणि मला धरून ओढायला लागली. गाडी थांबली.

काका उतरले. "दिसत होतीस मला," म्हणाले. "घाबरवत होतो जरा. मोठ्या माणसांसमोर असं वागायला शिकवलं का घरी?" त्यांच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत येत होता. मी मांडीवरचं बर्फ झटकत त्यांच्या तोंडावर म्हटलं, "तुम्ही प्यायलेले आहात. तुम्हाला गाडी चालवता येणार नाही."

ते शब्द मोठ्याने बोलले गेले. आतापर्यंत जे लोक हसत होते ते संतापले. माझ्यावर! "अगं, काय बोलतेस?" "वडिलांसारखे आहेत तुझ्या." यजमानांची मुलगी स्वेटर न घालताच बाहेर आली होती. ती म्हणाली, "शी इज राइट. डॅड, शी इज राइट. आय कॅन कॉल नाइन वन वन." आणि तिने खिशातून फोन काढला. तिच्या वडिलांनी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. "आपल्या माणसावर पोलीस बोलावतेस? लाज वाटते का?"

मग तिच्या आईने तोडगा काढला. बायका काढतात तसा शहाणा तोडगा. "हे बघा, या पोरींना आमची मुलगी आणून सोडेल मागाहून. तुम्ही दोघं व्हा पुढे." सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. काका गाडीत बसले. मी धावत काकूंच्या खिडकीशी गेले, काचेवर हात मारला. "काकू, उतरा. तुम्ही तरी उतरा." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात दाराच्या खटक्यावर होता, मी स्वतः पाहिलं. मग तो हात मांडीवर गेला आणि त्यांनी मान हलवली, नको म्हणून. गाडी निघून गेली. श्रीखंडाचा डबा त्यांच्या मांडीवरच होता.

पुढचा वेळ आम्ही स्वयंपाकघरात काढला. बायका भांडी आवरत होत्या, उरलेल्या पुऱ्या फॉइलमध्ये गुंडाळत होत्या आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी भिंतीवरच्या फोनसमोर उभी होते. नागपूरवाली माझा हात धरून होती. काकूंचं काय होईल एवढंच माझ्या डोक्यात होतं. गाडी कुठल्या पुलाखाली, कुठल्या वळणावर, कुठल्या ट्रकला लागेल, हे मला दिसायला लागलं होतं.

फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"पोचले!" यजमान खालून ओरडले. "बघा! उगाच घोळ घातला पोरीने." सगळं घर हसलं, एखादी पैज जिंकल्यासारखं. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, मला पश्चात्ताप झाला. एका काकूने पाठीवरून हात फिरवला, "असू दे गं, लहान आहेस." मला त्या हाताला चावावंसं वाटलं. ते पोचले यात माझा जीव भांड्यात पडला होता, आणि ते पोचले यामुळेच या घरात कुणाला कधीच काही कळणार नव्हतं.

यजमानांच्या मुलीने आम्हाला ट्रॉयला सोडलं. तिने आम्हाला आधी पट्टे लावायला सांगितले आणि मगच गाडी सुरू केली. फ्रीवेला लागल्यावर ती इंग्लिशमध्ये, समोर बघत, सांगायला लागली. लहानपणापासून दर पार्टीनंतर असंच. कधी हिचे बाबा चालवायचे, कधी दुसरे कुणी काका. गाडी लेनमधून हलायला लागली की आई बाबांची बाही धरायची. "अँड वी किड्स जस्ट प्रिटेंडेड टू बी अस्लीप," ती म्हणाली. जागे आहोत असं कळलं तर आईला जास्त वाईट वाटेल म्हणून. त्या मुलीला फ्लोरिडाला पाठवत नव्हते, तिथे धोका असतो म्हणून.

काकूंनी दार उघडलं. काका झोपले होते. काकूंनी आम्हाला वरणभात गरम करून वाढला.

सकाळी आईचा फोन. बातमी माझ्या आधी नाशिकला पोचली होती. "काय तमाशा केलास?" आई म्हणाली. "आठवडाभर जेवू घातलं त्यांनी तुम्हाला."

"आई, ते प्यायले होते. मी मागे उभी असताना त्यांनी गाडी मागे घेतली."

मला वाटलं, आता तरी हिला माझी काळजी वाटेल. ती म्हणाली, "हळू बोल. ऐकू जाईल त्यांना."

"जाऊ दे ऐकू!"

"अगं, मोठी माणसं थोडीफार घेतात. काही झालं का? नाही ना? पाया पड आणि माफी माग."

मी फोन आपटला. माफी मागितली नाही. आजपर्यंत मागितलेली नाही. हा विषय निघाला की आई अजून म्हणते, फ्लोरिडाला गेली असतीस तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

त्याच दिवशी आमची परतीची बस होती. काका आम्हाला सोडायला आले, काकूही बरोबर. सकाळचे काका वेगळेच होते. दाढी केलेली, अंगाला साबणाचा वास. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही. प्रत्येक लेन बदलताना सिग्नल देत, दोन्ही आरशांत बघत, त्यांनी अशी सुरेख गाडी चालवली की मला ओरडावंसं वाटत होतं. म्हणजे या माणसाला येत होतं सगळं! काय करायला हवं, कसं करायला हवं, सगळं ठाऊक होतं. स्टेशनला आम्हाला उतरवून ते गाडी लावायला गेले. नागपूरवाली बॅगांपाशी थांबली. काकू माझ्या हातात डब्यांची पिशवी देत होत्या.

"काकू, तुम्ही का नाही उतरलात?" मी विचारलं. विचारलं कसलं, वसकलेच मी. बाजूची माणसं बघायला लागली.

त्या रागावल्या नाहीत. पिशवीची गाठ नीट करत म्हणाल्या, "मी शेजारी असले की ते जरा जपून चालवतात."

"आणि एखाद्या दिवशी नाही चालवली जपून तर?"

"तर मीही असेन ना गाडीत," काकू म्हणाल्या. "एकटी मागे राहून मी इथे काय करू गं?"

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. त्यावर त्यांचा विचार कधीच करून झाला होता. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो त्यांच्यावर नव्हता. तेवढ्यात काका हात चोळत, थंडीने नाक लाल झालेले, आमच्याकडे आले. "चला पोरींनो. बसमध्ये अनोळखी माणसांशी बोलायचं नाही, काय? जग चांगलं नाही."

"काका," मी म्हटलं, "काकूंना फ्रीवेवर गाडी चालवायला शिकवा."

"हिला?" काका मनापासून हसले. "एकटीला कुठे जायचंय हिला?"

आणि काकूही हसल्या.